बागवान मॅडमचा गुरुवार

रहाटणीतल्या त्या सोसायटीच्या फाटकावर मी पहिल्यांदा बागवान मॅडमचं नाव सांगितलं, तेव्हा वॉचमनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सुपरवायझर मॅडमकडं का? कोणत्या कंपनीत लावणार हायेत तुमाला?"

त्याची काही चूक नव्हती. आमच्या या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, सुपरवायझर म्हणजे लाइनवर हात मागे बांधून उभा राहणारा आणि उत्पादन कमी पडलं की आवाज चढवणारा माणूस. मॅडमच्या दारावरच्या पाटीवर मात्र नावाखाली 'कोचिंग सुपरव्हिजन' असं लिहिलेलं. त्या दोन शब्दांनी त्या इमारतीत बराच गोंधळ घातला होता. खालच्या बेकरीवाल्याला वाटायचं, मॅडम, म्हणजे त्याच्या आपा, दहावीचे क्लास घेतात. त्याच्याकडून ऐकून एकदा एक बाई आपल्या मुलाला गणितासाठी घेऊन आल्या. मॅडमनी त्यांना चहा दिला, गणितात नेमकं काय नकोसं वाटतं हे मुलाला निवांतपणे विचारलं आणि शेवटी सांगितलं की मी क्लास घेत नाही. तरीही त्या बाई नंतर अधूनमधून येत राहिल्या, म्हणे.

मी कोच आहे असं सांगितलं की लोक मलाही विचारतात, क्रिकेटचा की कबड्डीचा? मी कंपन्यांतल्या मॅनेजर लोकांबरोबर बसतो. कुणाला नुकती बढती मिळालेली असते आणि मशीन कळतं तशी माणसं कळत नाहीत. कुणी दोन खात्यांच्या भांडणात सापडलेलं असतं. ते बोलतात, मी ऐकतो, प्रश्न विचारतो. सल्ला देणं हे माझं काम नाही. पण दुसऱ्याचं ऐकता ऐकता आपलं काहीतरी त्यात मिसळतंच. आपल्याच डोळ्यात गेलेलं कुसळ आपल्याला दिसत नाही, तसं ते असतं. म्हणून कोचलाही महिन्यातून एकदा कुणासमोर तरी बसून आपलं काम उलगडून दाखवावं लागतं. त्याला सुपरव्हिजन म्हणतात. आमच्या छोट्याशा गटाची ही बसण्याची जागा म्हणजे झरीना बागवान.

साठी ओलांडलेली, ठेंगणी बाई. सुती सलवार-कमीज, खांद्यावर पिन लावलेली ओढणी, चष्मा बहुतेक वेळा कपाळावर. वडिलांची चाकणला कांदा-बटाट्याची आडत होती. मॅडम समाजकार्य शिकल्या आणि भोसरीच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. त्यांचं मराठी स्वच्छ, पुण्याच्या वळणाचं, इंग्रजीही उत्तम. पण एखादी गोष्ट खरोखर नवी वाटली की त्या सगळ्या भाषा बाजूला पडायच्या आणि आतून चाकणचं माहेर बोलायचं, "व्हय?" त्यात शंका नसे, टोमणा नसे. लहान मुलीने दगड उलटून खाली काय आहे ते बघावं, तसा तो शब्द. आमच्यापैकी प्रत्येकाला त्या "व्हय?"ची ओढ लागली होती.

मला तो पहिल्याच भेटीत मिळाला. मी एका क्लायंटची तक्रार घेऊन गेलो होतो. क्वालिटी विभागाचे प्रमुख. ठरलेली वेळ सारखी पुढे ढकलायचे, आले तरी मशीनबद्दलच बोलायचे. मी सगळं नीट मांडलं आणि म्हणालो, "थोडक्यात, माझा क्लायंट अडकलाय."

मॅडम म्हणाल्या, "हे त्यांचं झालं. आता तुमचं सांगा, सतीशराव."

"माझं काय?"

"ते उशिरा येतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"वाट बघतो."

"कशी?"

हा प्रश्न मला उगाचच वाटला. तरी मी सांगितलं, की फोन बघतो, दाराकडे बघतो, आज त्यांना काय विचारायचं याची मनात उजळणी करतो. मॅडम उठल्या, आपली खुर्ची माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "इकडे बसा. आता तुम्ही ते आहात. दारातून आत आलात, समोर सतीशराव बसलेत. काय दिसतं?"

मला ते नाटकी वाटलं. पण बसलो. आणि माझ्याच तोंडून निघालं, "हा माणूस मला सोडवायला बसलाय. पण मी अडकलोय असं मला वाटतच नाही."

"व्हय?" मॅडम म्हणाल्या. जणू मी त्यांना पेढ्यांचा बॉक्सच आणून दिला होता, इतक्या त्या खूश झाल्या होत्या. त्यावर त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. बेकरीतून आणलेल्या नानकटाईची बशी पुढे सरकवली, बस्स. मी पिंपरीपर्यंत गाडी चालवत होतो आणि स्वतःशी हसत होतो.

त्यांची उत्सुकता फक्त कामापुरती नव्हती. बसमध्ये त्या कंडक्टरला विचारायच्या, "एवढं दिवसभर उभं राहून रात्री झोपेत बस हलते का हो?" रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला असंच काहीतरी. एरवी अशा बाईला लोक चोंबडी म्हणाले असते. मॅडमना कुणी म्हटलं नाही, कारण उत्तर ऐकून त्या पुढचा प्रश्न त्या उत्तरातूनच काढायच्या. आपलं ऐकलं जातंय हे माणसाला लगेच कळतं.

ही सवय कुठून लागली, असं एकदा आम्ही विचारलं. तेव्हा त्यांनी कारखान्याच्या कँटीनची गोष्ट सांगितली. पोळ्या कच्च्या असतात, अशी कामगारांची तक्रार होती. कँटीनचा ठेकेदार बदलला, तरी तक्रार तीच. मग मॅडम रोज कँटीनमध्ये जेवायला बसू लागल्या. पोळ्या चांगल्या असायच्या. तक्रार फक्त पेंट शॉपच्या, म्हणजे रंगकाम विभागाच्या, लोकांची होती. एक दिवस मॅडम त्या लोकांसोबत पेंट शॉपपासून कँटीनपर्यंत चालत आल्या, तेव्हा कळलं की त्यांचे कपडे बदलून, हात धुऊन होईपर्यंत जेवणाची सुट्टी संपत आलेली असते. घास नीट न चावता गिळत होते बिचारे.

"मग सुट्टी वाढवली?" मी विचारलं.

"वाढवून घेतली. पण गंमत बघा, त्यांनी वेळेची तक्रार कधी केलीच नव्हती. वेळ मागायची लाज वाटायची त्यांना. पोळीबद्दल बोलायला लाज वाटत नव्हती."

आमच्या गटात मला धरून आम्ही तिघं होतो. एक देशपांडे सर. एका मोठ्या कंपनीचे निवृत्त जनरल मॅनेजर, निगडी प्राधिकरणात बंगला, भारदस्त आवाज. हाताखाली शेकडो माणसं वावरलेली असल्यामुळे सल्ला न देता प्रश्न विचारायचा, हे त्यांना पथ्यासारखं अवघड जायचं. एकदा ते तावातावाने म्हणाले, "मॅडम, माझा क्लायंट माझं ऐकतच नाही!"

मॅडमनी विचारलं, "त्यांचं शेवटचं वाक्य काय होतं, सर?"

देशपांडे सरांनी आठवून पाहिलं. आपण काय बोललो ते त्यांना शब्दशः आठवत होतं. पुढच्या महिन्यात ते आले आणि दारातच चपला काढताना म्हणाले, "मी लक्ष ठेवलं मॅडम. त्याचं शेवटचं वाक्य आठवणार कसं? त्याला मी वाक्य पुरं करूच देत नव्हतो." आणि स्वतःच गडगडाटी हसले. मॅडमविषयी त्यांना इतका आदर होता की एरवी कुणाचंही न ऐकणारा हा माणूस त्यांच्यासमोर शाळकरी मुलासारखा बसायचा. या आदरानेच पुढे एक घोटाळा केला, ते सांगेनच.

तिसरी वैशाली. चऱ्होलीला नव्याने झालेल्या वसाहतीत राहायची. नवऱ्याची बदली परगावी, घराचा हप्ता, सासूबाई घरी. नोकरी सोडून ती कोच झाली तेव्हा घरात फार कुणाला पटलं नव्हतं. चाकणकडच्या एका कारखान्याचं मोठं काम तिला मिळालं आणि तिचा जम बसला. आमच्यात ती सगळ्यात चांगली कोच होती, असं माझं मत होतं. मॅडमचंही असावं. त्या तिला "तू" म्हणायच्या, आणि तिला सगळ्यात कमी प्रश्न विचारायच्या.

कारखाने आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून पुढच्या प्रसंगातले काही तपशील मी बदलले आहेत. ही सवयही मॅडमनीच लावलेली.

त्या दिवशी वैशाली आपल्या एका क्लायंटबद्दल सांगत होती. शिफ्ट मॅनेजर, तरुण, हुशार, पण हाताखालच्या लोकांवर काम सोपवायला कचरणारा. चांगली चर्चा झाली. चहा झाला. वैशाली पर्स उचलता उचलता म्हणाली, "आणि हो, जाता जाता तो हसून म्हणाला की टार्गेटसाठी त्यांनी एका प्रेसचा सेन्सर बंद करून ठेवलाय. म्हणजे बघा, केवढं प्रेशर असतं या लोकांवर."

पत्रा दाबून आकार देणारं ते यंत्र. त्याच्या तोंडाशी सेन्सर असतो. कामगाराचा हात आत राहिला तर यंत्र जागच्या जागी थांबतं. सेन्सर बंद म्हणजे हात आत राहिला तरी यंत्र खाली येणार. आमच्या भागात बोटं गेलेले लोक बघायला लांब जावं लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, "बस खाली. हे तू निघताना का सांगितलंस?"

वैशाली गोंधळली. "त्यानेही निघतानाच सांगितलं."

"हसून?"

"हो."

"तूसुद्धा हसलीस आत्ता."

आमच्या कामात हे नेहमी घडतं. तिकडे खोलीत जे होतं, तेच आपण इकडे नकळत पुन्हा करून दाखवतो. त्याला ते नीट सांगायचं धाडस झालं नव्हतं, म्हणून त्याने दारात हसत सांगितलं. तिने ते तसंच उचलून आमच्या दारात आणून ठेवलं. एरवी मॅडम इथे थांबल्या असत्या, तिला स्वतःहून तिथे पोचू दिलं असतं. त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत.

"काम सुरू करताना त्याला सांगितलं होतंस ना, की सगळं आपल्या दोघांत राहील, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही?"

"सांगितलं होतं. पण मॅडम, तो म्हणतो नवीन सेन्सर येतोय पुढच्या महिन्यात..."

"आणि तोवर हात कुणाचा? फोन लाव त्याला. आत्ता."

मी मॅडमचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. वैशालीचा चेहरा उतरला, पण तिने फोन लावला. दुपारी कंपनीबाहेर भेटायचं ठरलं. तिची गाडी गॅरेजला होती म्हणून मी सोडायला निघालो, तर मॅडमही चपला घालून खाली आल्या.

चाकण रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीशी मी गाडी लावली. वैशाली उतरली. मॅडम आणि मी गाडीतच बसलो. समोर कंटेनरांची रांग, धूळ आणि टपरीच्या बाकावर ती दोघं. शब्द ऐकू येत नव्हते. तिने त्याला काय सांगायचं ते तिने वाटेतच ठरवलं होतं: आज पाळी सुरू होण्याआधी तू वर सांग, तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, पण तुझ्या पाठीमागे नाही, आधी तुला कळवून. तो ताडकन उठलेला दिसला. हातवारे केले. मग पुन्हा बसला, आणि बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिला. शेवटी उठून फाटकातून आत गेला. वैशाली गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, "तो म्हणाला, तुम्हाला सांगितल्यापासून मला झोप नाही."

संध्याकाळी तिला त्याचा निरोप आला. त्याने प्लँटच्या प्रमुखांना सांगितलं होतं. प्रेस थांबली होती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढे कंपनीने त्या मुलाला दुसऱ्या शहरातल्या प्लँटला पाठवलं. शिक्षा म्हणून की बढती म्हणून, ते कधी कळलं नाही. वैशालीला एचआरमधून गोड शब्दांत सांगण्यात आलं की कोचिंगचा उद्देश वेगळा होता, सध्या आपण थांबू या. त्या एका कारखान्यावर तिचं जवळजवळ सगळं काम उभं होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही जमलो. देशपांडे सर तिला धीर द्यायला म्हणाले, "अगं, कुणाचा तरी हात वाचवलास तू. अभिमान वाटला पाहिजे."

"हात वाचला ते बरोबरच झालं, सर," वैशाली म्हणाली. ती मॅडमकडे बघत होती. "पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन. पण तो निर्णय माझा होता, आणि तो मॅडमनी घेतला. मी तिथे पोचले असते. मला दोन मिनिटं दिली असती तर मी स्वतःच म्हणाले असते की फोन लावते. मग जे झालं ते मी माझ्या पायांवर सोसलं असतं. आता रात्री मला एकच वाटतं, की मला ढकललं."

मॅडम पुढे झुकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं.

"व्हय?" त्या म्हणाल्या.

"ते व्हय आज नको, मॅडम," वैशाली म्हणाली. तिने पर्स उचलली आणि गेली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

मॅडमनी स्वतःची बाजू मांडली नाही. देशपांडे सर काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, "आज मला काही सुचत नाहीये. तुम्ही दोघं घरी जा." इतक्या वर्षांत एवढं एकच सत्र अर्ध्यावर संपलं.

त्यानंतर त्यांचा गुरुवार बंद झाला. म्हणजे गुरुवारी दुपारी त्या कुणालाच भेटेनात. फोन बंद. वॉचमन सांगायचा, "सुपरवायझर मॅडम आळंदीच्या बसनं गेल्या." देशपांडे सरांना वाटायचं की त्या एखाद्या दवाखान्यात जात असतील. मला वाटायचं की प्रत्येक सुपरव्हायझरला जसा वरचा कुणी लागतो, तसं त्यांनी कुणी फार मोठं माणूस शोधलं असेल. एखादे वृद्ध प्राध्यापक वगैरे. आम्ही या विषयावर बराच काळ तर्क लढवले. सरळ विचारायचं मात्र धाडस झालं नाही.

उलगडा अपघातानेच झाला. एका गुरुवारी माझ्या मेहुण्याला आळंदीच्या वाटेवरच्या चऱ्होलीत फ्लॅट बघायचा होता. अर्धवट बांधलेल्या इमारती, मध्येच एखादं जुनं घर, पुन्हा इमारती. एका वसाहतीच्या बागेपाशी मेहुणा बिल्डरच्या माणसाशी बोलत होता आणि मी झाडाखाली उभा होतो. समोरच्या बाकावर दोघी बसलेल्या. एक वैशाली, दुसऱ्या मॅडम. वैशाली काहीतरी विचारत होती आणि मॅडम मांडीवर हात ठेवून, शब्द शोधत, थांबत थांबत उत्तर देत होत्या. आम्ही त्यांच्यासमोर जसे बसायचो, अगदी तशा. मी त्यांना दिसायच्या आत तिथून निघालो.

पुढच्या भेटीत मात्र राहवलं नाही. "मॅडम, मी चऱ्होलीला गेलो होतो," एवढंच म्हणालो.

त्या हसल्या. "म्हणजे पाहिलंत. मीच फोन केला तिला. म्हटलं, मी त्या दिवशी तुला प्रश्न विचारला नाही, हुकूम दिला. तो माझ्यात कुठून आला ते मला बघायचंय. तू बसशील का माझ्यासमोर? आठवडाभर तिने उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, या, पण पूर्ण फी घेईन."

"पण तिच्याचकडे? ती तुमच्यावर चिडली होती."

"म्हणून तर. जो माझ्यावर खूश आहे त्याच्याकडे जाऊन मला काय कळणार, सतीशराव?"

तो हुकूम कुठून आला होता, हे त्यांनी फक्त एकदा, ओझरतं सांगितलं. त्यांच्या कारखान्यात त्या नव्या असताना एका पोराने मशीनबद्दल त्यांना काहीतरी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते नियमाप्रमाणे वर कळवलं होतं. कागद आपल्या गतीने फिरत राहिले. त्या पोराच्या उजव्या हाताला मग अंगठा उरला नाही. "वैशालीसमोर मी तिच्याशी बोलत नव्हते. त्या पोराशी बोलत होते," त्या म्हणाल्या. "वैशालीनेच हे काढलं माझ्यातून. प्रश्न विचारून."

पुढे वर्षभराने त्यांच्यात काहीतरी बदललं. त्यांची उत्तरं कधी कधी अर्ध्या पावलाने बाजूला पडायची. आम्हाला वाटलं, यातही काही खोल अर्थ असेल. एकदा देशपांडे सर आपल्या क्लायंटबद्दल म्हणाले, "त्यांना आता घाई नाही."

मॅडम एकदम हळव्या झाल्या. "कधी गेल्या?" त्यांनी विचारलं.

देशपांडे सर क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "झाली की बरीच वर्षं." आणि मॅडमनी त्या पोरक्या माणसाबद्दल इतके सुंदर प्रश्न विचारले, की मीही भारावून गेलो.

त्यानंतरच्या एका बैठकीला मॅडम कानात यंत्र घालून आल्या. नानकटाई होती, चहा होता. त्यांनी कुणालाच सुरुवात करू दिली नाही.

"आज माझं सांगते. वैशाली म्हणाली, मॅडम, तुम्ही माझी वाक्यं पुरी करताय, आणि ती माझी नसतात. मी तपासून घेतलं. शब्दांचे कडेचे आवाज मला येत नाहीत म्हणे. मग मी एकेक सत्र आठवत बसले. सर, खरं सांगा. तुमच्या त्या क्लायंटची आई गेली होती का हो?"

देशपांडे सरांचा चेहरा लालबुंद झाला. इतका मोठा माणूस, पण खाली बघून म्हणाला, "नाही मॅडम. मी 'घाई नाही' म्हणालो होतो. आई ठणठणीत आहेत. परवाच त्यांनी माझ्यासाठी लोणचं पाठवलं."

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आम्हीही हसत सुटलो. चष्मा पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही मला दुखवायला नको म्हणून एका बाईला मारून टाकलंत. आणि मी ऐकू न आलेलं माझ्या मनाने भरलं. सुपरव्हायझरने एवढी एकच गोष्ट करायची नसते. आता मी थांबते."

"पण यंत्र लावलंय ना," मी म्हणालो.

"त्यात सगळं ऐकू येतं. पंखा, रस्ता, तुमच्या खुर्चीची कुरकुर. पण बोलायच्या आधी माणूस जो श्वास घेतो ना, तो येत नाही. मी तर त्याच्यावरच काम करत होते इतकी वर्षं." त्यांनी यंत्राला बोट लावून पाहिलं. मग खरोखरच्या उत्सुकतेने म्हणाल्या, "आता त्याच्याशिवाय काय काय समजतं, ते बघायचं."

आम्ही विचारलं, आता आम्ही कुणाकडे जायचं? त्यांनी नाव सांगितलं नाही. "ते तुमचं तुम्ही शोधा," म्हणाल्या. आम्ही चऱ्होलीला गेलो. वैशाली आमच्याकडूनही पूर्ण फी घेते, आणि देशपांडे सरांना वाक्य मध्येच तोडू देत नाही. तो शिफ्ट मॅनेजर मध्यंतरी इकडे आला असताना तिला निगडीच्या बसस्थानकावर दिसला होता. त्याने मान हलवली, तिनेही हलवली. दोघंही आपापल्या बसकडे गेले.

मॅडम रहाटणीचा फ्लॅट भाड्याने देऊन चाकणला भावाकडे राहायला गेल्या. तिथे जायचं जायचं म्हणून राहून गेलं. मग एका संध्याकाळी चाकण चौकातल्या नेहमीच्या कोंडीत माझी गाडी अडकली. मागेपुढे ट्रक, हॉर्नचा गदारोळ. सहज डावीकडे बघितलं तर एका बंद दुकानाच्या पायरीवर मॅडम बसलेल्या. शेजारी एक परप्रांतीय ट्रक ड्रायव्हर, पन्नाशीचा, गळ्यात गमछा. तोही कोंडीत अडकून खाली उतरला असावा. तो काहीतरी सांगत होता, हात लांब करून, जणू खूप दूरचं गाव दाखवत होता. मॅडमनी त्याला थांबवलं. कानातलं यंत्र काढलं, ओढणीच्या टोकाने पुसलं, पुन्हा बसवलं. मग दोन्ही तळवे समोर धरून त्याला खूण केली, की आता पुन्हा पहिल्यापासून सांगा.

त्याने गमछ्याने तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मॅडम त्याच्या ओठांकडे बघत होत्या. मी काच खाली केली, पण हॉर्नच्या आवाजात एक शब्द कळेना. तेवढ्यात पुढचा ट्रक हलला, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि मला गाडी पुढे घ्यावी लागली.